श्रीखंड्या ओळखला की निघून जातो

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांविषयी जो लेख आला, त्यात ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेचा विषय दोन परिच्छेदांत उरकला आहे. मालिकेतला एक दारुडा लेखक हाच प्रत्यक्ष देव आहे अशी अटकळ चाहते वर्षानुवर्षे बांधत होते, पाचव्या पर्वाच्या अखेरीस ती खरी ठरली, आणि रिकामटेकड्यांच्या त्या उद्योगाला निर्मात्यांनी जणू बक्षीसच दिले, असा त्या परिच्छेदांचा आशय आहे. यातले पहिले विधान बरोबर आहे, दुसरे चुकीचे आहे आणि तिसरे मला पटलेले नाही. दुसऱ्याची दुरुस्ती थोडक्यात होईल. तिसऱ्यासाठी मात्र आपली बरीच जागा मागावी लागणार, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

दुरुस्ती अशी. पाचव्या पर्वाचा शेवटचा भाग १३ मे २०१० रोजी प्रक्षेपित झाला आणि त्यात चक शर्ली नावाचा हा लेखक फक्त नाहीसा झाला. तो देव आहे हे मालिकेने उघडपणे सांगितले ते अकराव्या पर्वाच्या विसाव्या भागात, ४ मे २०१६ रोजी. मध्ये सहा वर्षे गेली. मला जे म्हणायचे आहे ते त्या सहा वर्षांविषयीच आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. एरिक क्रिप्की यांनी निर्माण केलेली ही मालिका १३ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झाली आणि पंधरा पर्वे, ३२७ भाग होऊन १९ नोव्हेंबर २०२० रोजी संपली. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोघे भाऊ १९६७च्या काळ्या शेव्हरोले इम्पाला गाडीतून अमेरिकाभर हिंडतात आणि भुतेखेते, पिशाच्चे यांचा बंदोबस्त करतात. त्यांची आई कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी १९८३ साली घराला लागलेल्या आगीत गेली, आणि त्या आगीमागे सैतानी शक्ती होती. मालिका सुरू होते तेव्हा त्यांचे वडील बेपत्ता आहेत आणि मुले त्यांना शोधायला निघाली आहेत. हा ‘बेपत्ता वडील’ पुढे किती मोठा होणार आहे याची पहिल्या पर्वात कोणालाच कल्पना येत नाही. चौथ्या पर्वाच्या आरंभी, सप्टेंबर २००८मध्ये, कॅस्टिएल नावाचा देवदूत येतो आणि मग कळते की स्वर्गातही तीच परिस्थिती आहे: बाप घर सोडून गेलेला, मुले आपापसांत भांडणारी, आणि एक धाकटा त्याला शोधत वणवण करणारा.

मी ही मालिका पाहिली ती २०२०च्या टाळेबंदीत, मुलीच्या आग्रहाखातर. मी निवृत्त मराठी शिक्षिका आहे, बालपण पैठणजवळ गेले आहे, आणि भुताखेतांच्या इंग्रजी मालिकांची मला मुळीच आवड नव्हती. मुलीला शेवट ठाऊक होता, पण तिने तोंडातून अवाक्षर काढले नाही. पाचव्या पर्वाच्या शेवटी चक आपल्या टंकलिखिताचा अखेरचा शब्द लिहितो, गोष्टी कधी खऱ्या अर्थाने संपतात का, अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटतो, हसतो, आणि पांढऱ्या सदऱ्यातला तो माणूस बसल्या जागी विरून जातो. मी सहज बोलून गेले, “अगं, हा तर श्रीखंड्या!” मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. दहा वर्षांपूर्वी जगभरचे चाहते ज्या निष्कर्षावर वाद घालत होते तो आईने एका शब्दात कसा काढला, हे तिला कळेना. त्यात माझी हुशारी काही नव्हती. पैठणला संत एकनाथांच्या वाड्यातला रांजण ज्याने लहानपणी पाहिला आहे, त्याला घरात राबणारा माणूस अचानक दिसेनासा होणे म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही.

श्रीखंड्याकडे मी परत येईन. आधी चाहत्यांच्या अटकळीकडे पाहू, कारण आपल्या लेखकाने ती कशावर आधारलेली होती हे सांगण्याची तसदी घेतलेली नाही.

चक पहिल्यांदा दिसतो तो चौथ्या पर्वाच्या अठराव्या भागात, २ एप्रिल २००९ रोजी. दोघा भावांना एका दुकानात कादंबऱ्यांची एक मालिका सापडते आणि तिच्यात त्यांचे सगळे आयुष्य, खाजगी बोलण्यासकट, जसेच्या तसे छापलेले असते. लेखकाचे टोपणनाव कार्व्हर एडलंड. मालिकेच्याच जेरेमी कार्व्हर आणि बेन एडलंड या दोन लेखकांच्या आडनावांची ती गंमत होती. भाऊ शोध घेत चकच्या घरी पोचतात. रॉब बेनेडिक्ट या नटाने रंगवलेला हा इसम अंगरख्यातच वावरतो, दिवसाढवळ्या पितो आणि सदैव घाबरलेला असतो. आपली पात्रे दारात उभी पाहून तो काय म्हणतो? याचा अर्थ एकच, मी देव आहे, आणि तोही क्रूर, लहरी देव. तुमच्यावर मी काय काय ओढवले, मला माफ करा. मग कॅस्टिएल येऊन सांगतो की हा देव नव्हे, हा प्रेषित आहे, त्याला फक्त दिसते आणि तो लिहितो. प्रेक्षक हसतात आणि पुढे जातात. खरे तर त्याच क्षणी गोष्ट सांगून झाली होती. विनोदात सांगितल्यामुळे ती कोणी मनावर घेतली नाही. पत्ता उघड्यावर ठेवून लपवण्याचा हा प्रकार मला फार आवडला.

दुसरा धागा पाचव्या पर्वाच्या पहिल्या भागातला आहे. चकच्या घरात एका महादूताच्या हातून कॅस्टिएलच्या चिंधड्या उडाल्या आहेत, आणि त्याचा एक दात आपल्या केसांत सापडल्याचे चक शहारून सांगतो. तरीही कॅस्टिएल अखंड परत येतो. दोघे भाऊही, सैतान ल्युसिफर मोकळा होत असताना, कोणी तरी अलगद उचलल्यासारखे एका विमानात जाऊन पडलेले असतात. हे केले कोणी? कॅस्टिएलचे उत्तर ठाम आहे: देवाने. म्हणजे देव कुठेतरी आहे, आणि अगदी हात झटकून बसलेला नाही. त्या पर्वाच्या शेवटी ल्युसिफर कॅस्टिएलला चुटकीसरशी नाहीसा करतो आणि तो पुन्हा, आधीपेक्षा अधिक सामर्थ्याने, उभा राहतो. ही दुसरी घटना आणि चकचे विरून जाणे एकाच भागात आहे. त्या भागाचे निवेदनही चकच करतो: इम्पाला गाडी कारखान्यातून कोणत्या दिवशी बाहेर पडली, तिचा पहिला मालक दारुडा होता, आणि तो गोरगरिबांना बायबल वाटत फिरे, इतके तपशील त्याला ठाऊक आहेत. प्रेषिताला भावांचे आयुष्य दिसते हे मान्य. भाऊ जन्मण्याच्या कितीतरी आधी, गाडीच्या पहिल्या मालकाच्या दोन घटस्फोटित बायकांपर्यंतचे त्याला कसे दिसावे?

तिसरा धागा ताइताचा, आणि माझ्या मते सगळ्यात मौल्यवान, कारण तो या अटकळीच्या विरुद्ध जातो. डीनच्या गळ्यात शिंगे असलेल्या मस्तकाचा एक छोटा पितळी ताईत असतो. १९९१च्या नाताळात धाकट्या सॅमने तो वडिलांना द्यायचा म्हणून राखून ठेवलेला असतो; वडील सणालाही घरी येत नाहीत आणि इतकी वर्षे आपल्याशी खोटे बोलत आले हे कळल्यावर तो मोठ्या भावाच्या हातात ठेवतो. पाचव्या पर्वाच्या दुसऱ्या भागात कॅस्टिएल सांगतो की हा ताईत देवाच्या सान्निध्यात तापतो, उजळतो, आणि शोधासाठी तो मागून नेतो. न आलेल्या बापासाठी घेतलेली वस्तू न सापडणाऱ्या बापाची खूण ठरावी, हे ज्याला सुचले त्याला दाद दिलीच पाहिजे. पण अडचण अशी की चौथ्या पर्वात डीन हाच ताईत गळ्यात घालून चकसमोर उभा होता आणि ताईत ढिम्म राहिला होता. शंकेखोरांनी हा मुद्दा हातोड्यासारखा वापरला, आणि तो रास्तच होता. शिवाय प्रेषिताच्या रक्षणासाठी महादूत नेमलेला असतो; त्या महादूताला आपला जन्मदाता ओळखू येऊ नये?

अटकळ बांधणाऱ्यांचे उत्तर होते: मालिकेनेच आम्हाला हे शिकवले. दुसऱ्या पर्वापासून एक खोडकर देव अधूनमधून येत असे; तो लोकांची फजिती करी, जिवावरही उठे, आणि इतर देव त्याला नॉर्स पुराणातला लोकी म्हणून ओळखत. पाचव्या पर्वाच्या आठव्या भागात कळले की हा तर महादूत गॅब्रिएल, भावंडांची भांडणे असह्य होऊन घरातून पळालेला आणि परक्या देवाचे सोंग घेऊन राहिलेला. त्याचे सख्खे भाऊ त्याला वर्षानुवर्षे शोधू शकले नाहीत. मुलाला जे साधले ते बापाला साधू नये का? ताईत विझवून ठेवणे त्याला अवघड होते का? त्याच पर्वात स्वर्गाच्या बागेचा माळी जोशुआ भावांना निरोप देतो की देव पृथ्वीवर आहे, पण हे प्रकरण त्याला आपले वाटत नाही, त्याला शोधणे थांबवा. ते ऐकून परतल्यावर डीन ताईत खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून चालता होतो. आपल्या भाषेत ‘गळ्यातला ताईत’ म्हणजे काय हे आपले वाचक जाणतात. मला तो प्रसंग दोनदा लागला.

हे सगळे मी एवढ्या तपशिलाने लिहिते आहे कारण ‘रिकामटेकड्यांचा उद्योग’ हा शेरा मला लागला. पस्तीस वर्षे मी मुलांना एकच गोष्ट शिकवायचा प्रयत्न केला: संहितेत जे आहे त्याच्या आधारावर बोला, आणि तुमच्या म्हणण्याविरुद्ध जाणारी ओळ सापडली तर ती झाकू नका. चाहत्यांनी नेमके हेच केले. प्रतिकूल पुरावा त्यांनी स्वतःच शोधला, मांडला आणि त्याच्याशी झुंजले. सातव्या पर्वात केविन ट्रॅन नावाचा नवा प्रेषित आला, आणि एक प्रेषित मेल्याशिवाय दुसरा जागा होत नाही असा नियम मालिकेने आठव्या पर्वात घालून दिला. झाले, शंकेखोर म्हणाले, चक मेला. तो प्रेषितच होता आणि त्याचे विरून जाणे म्हणजे त्याचा मृत्यू. दुसरी बाजू म्हणाली, जो प्रेषित कधी नव्हताच त्याची जागा रिकामी होण्याचा प्रश्न येतोच कुठे? दोन्ही बाजूंना एकच प्रसंग पुरावा म्हणून वापरता येतो, हे चांगल्या लेखनाचे लक्षण आहे. आपल्याकडे एका अभंगाच्या एका चरणावर दोन संप्रदायांनी दोन अर्थ लावल्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि त्यांना आपण रिकामटेकडे म्हणत नाही.

आता श्रीखंड्या. एकनाथांच्या घरी पैठणला श्रीकृष्ण बारा वर्षे श्रीखंड्या या नावाने चाकरीला होता, गोदावरीचे पाणी कावडीने आणी, पूजेचे चंदन उगाळी, ही कथा कीर्तनातून प्रत्येकाने ऐकलेली असते. द्वारकेत दर्शनासाठी तप करणाऱ्या एका ब्राह्मणाला दृष्टांत होतो की ज्याला तू शोधतोस तो इथे नाही, पैठणला नाथांच्या घरी पाणी भरतो आहे. तो धापा टाकत येतो, ओळख उघड होते, आणि त्याच क्षणी श्रीखंड्या गुप्त होतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही याच जातीची: दुष्काळात सरकारी कोठारे लुटवल्याबद्दल पंतांना पकडून बेदरला नेत असतात, तोवर विठू महार दरबारात येऊन रक्कम भरून, पावती घेऊन गेलेला असतो. पंतांना कळते तेव्हा विठू तिथे नसतो.

या कथा आणि ती मालिका यांत एक फरक आहे, आणि मुलीशी वाद घालतानाच तो मला नीट दिसला. कीर्तनकार आपल्याला सुरुवातीलाच सांगून टाकतो की श्रीखंड्या कोण आहे. श्रोत्यांना ठाऊक असते, नाथांना नसते. आपण आतून हसत, आतून भरून येत, नाथांना कधी कळणार याची वाट पाहतो. तिथे अटकळीला वावच नाही, म्हणून आपल्या परंपरेत या विषयाची ‘थिअरी’ कधी झाली नाही. त्या मालिकेत मात्र पात्रांइतकाच प्रेक्षकही अंधारात होता. त्याला कोणी दृष्टांत दिला नाही, द्वारकेहून कोणी धावत आले नाही. त्या ब्राह्मणाचे काम चाहत्यांनी स्वतः केले. ओळख पटवणारा माणूस कथेच्या आत नसून बाहेर बसलेला असणे, ही या अटकळीची खरी नवलाई आहे.

आणि म्हणूनच माझी तक्रार अशी की २०१६ साली निर्मात्यांनी बक्षीस दिले नाही. चाहत्यांजवळ होते ते काढून घेतले. श्रीखंड्या ओळखला गेल्यावर नाथांच्या घरी परत येऊन बारा वर्षांचा खुलासा करत बसत नाही. चक परत आला. आधी दहाव्या पर्वात, नोव्हेंबर २०१४मध्ये, मालिकेच्या दोनशेव्या भागाच्या अगदी शेवटी: मुलींच्या शाळेत त्याच्याच कादंबऱ्यांवर संगीतिका बसवलेली असते, ती पाहायला आलेला पाहुणा म्हणून तो उभा असतो आणि ‘वाईट नाही’ एवढेच म्हणतो. हे मला चालले. ओझरते दर्शन आणि पुन्हा शांतता. तो भाग लिहिणाऱ्या रॉबी थॉम्पसन यांनीच अकराव्या पर्वातला उलगड्याचा भाग लिहिला, आणि मान्य करते की एक भाग म्हणून तो उत्तम आहे. एका गावात विषारी धुके पसरून माणसे एकमेकांच्या जिवावर उठली आहेत, सॅमलाही ती बाधा झाली आहे, आणि दूर एका रिकाम्या मद्यगृहात देव गिटार घेऊन एक जुने निरोपाचे लोकगीत गात बसला आहे. धुके विरते, मेलेली माणसे उठतात, आणि सॅमच्या खिशात तो फेकून दिलेला ताईत लखलखतो. डीन तो हातात घेऊन रस्त्यावर येतो आणि समोर चक उभा असतो. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे खोटे कशाला सांगू?

पण उलगडा झाला की हिशेब सुरू होतो. आता देवाला बोलावे लागते, कुठे होतास, का आला नाहीस, याची उत्तरे द्यावी लागतात, आणि त्या उत्तरांत दम नसतो. त्याला अमारा नावाची बहीण निघते, दोघांचे भांडण होते, समेट होतो आणि भाऊबहीण मिळून निघून जातात. चौदाव्या पर्वाच्या अखेरीस, २५ एप्रिल २०१९ रोजी, सॅमच्या लक्षात येते की हा माणूस आपल्या दुःखाचा खेळ करून बघत बसलेला आहे. इतर अनेक विश्वे हे त्याचे फसलेले कच्चे खर्डे, आणि हे दोघे भाऊ त्याची सगळ्यात आवडती करमणूक. पंधरावे पर्व देवाला खलनायक करून संपते. त्याची शक्ती काढून घेतली जाते आणि त्याला साधा, म्हातारा होणारा, कोणालाही आठवणार नाही असा माणूस म्हणून रस्त्यावर सोडून देतात. चौथ्या पर्वात विनोदाने उच्चारलेले ‘क्रूर, लहरी देव’ हे शब्द अशा रीतीने अक्षरशः खरे झाले. मुलगी म्हणते, हीच तर कमाल आहे. मला ती कमाल वाटत नाही. श्रीखंड्या लपतो तो पाणी भरण्यासाठी; चक लपला होता तो बघण्यासाठी, आणि हा फरक जोवर आपल्याला माहीत नव्हता तोवर त्याच्या गबाळ्या अंगरख्यात काहीतरी करुणा दडलेली आहे असे मानायला जागा होती. सहा वर्षे लक्षावधी लोकांनी ती जागा आपापल्या परीने भरली. त्यांचा देव निर्मात्यांच्या देवापेक्षा चांगला होता.

एका मुद्द्यावर मात्र चाहत्यांनाही मी सोडणार नाही, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही याचे मला आश्चर्य वाटते. पाचव्या पर्वाचा एकोणिसावा भाग, २२ एप्रिल २०१०. एका आडवाटेच्या हॉटेलात जगभरचे देव जमले आहेत: ओडिन, बाल्डर, मर्क्युरी, बॅरन समेदी, आपली काली आणि आपला गणेश. ते माणसे मारून खातात. डीनला एका खोलीत उघडानागडा हत्ती दिसतो आणि वळून पाहतो तर तिथे माणूस असतो. ही गणपतीची ओळख. काली, म्हणजे रेखा शर्मा, पाश्चात्त्यांच्या उद्दामपणावर चार शब्द सुनावते: तुमचा धर्म एकटाच नाही, तुमचा देव एकटाच नाही. तेवढ्यात ल्युसिफर येतो आणि काही मिनिटांत ही सगळी मंडळी भिंतीवर उडालेल्या रक्ताच्या रूपाने उरतात. गणेशही त्यात जातो. काली वाचते तीही गॅब्रिएलच्या कृपेने.

धर्मभावना दुखावल्याची तक्रार घेऊन मी आलेली नाही. दुसऱ्या पर्वात याच मालिकेने राक्षसाला सर्कशीतला विदूषक बनवले होते आणि सातव्या पर्वात वेताळाला ट्रकवाल्यांना गळाला लावणाऱ्या बायकांचे रूप दिले. ते पाहून मी मनमुराद हसले. कोकणातल्या पालखीसह निघणाऱ्या वेताळाला हे कळले असते तर त्यानेही कपाळाला हात लावला असता. माझा आक्षेप लेखनाविषयीचा आहे. आपल्या एका देवाला लपवण्यासाठी ज्यांनी ताईत, टोपणनाव, दात, गाडीचा मालक अशी वर्षानुवर्षे विणकाम केल्यासारखी योजना केली, त्यांनी दुसऱ्यांचे देव चाळीस मिनिटांत हॉटेलच्या व्हरांड्यात निकालात काढले. लपलेला असण्याचा, शोधला जाण्याचा मान फक्त एकालाच. बाकीचे उघडेच असतात आणि उघडे असतात म्हणून मरतात. चाहत्यांनी चकच्या सदऱ्याच्या रंगावर चर्चा केली. हत्तीच्या खोलीत आणखी काही दडलेले असेल का, असा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. विघ्नहर्ता एवढ्या स्वस्तात मेला यावर विश्वास कसा ठेवायचा? माझी स्वतःची अटकळ अशी की तो मेलाच नाही. जो देव दर वर्षी पाण्यात विसर्जित होऊन पुढच्या वर्षी परत येतो, त्याला ल्युसिफर काय मारणार? मुलीच्या मते या अटकळीला संहितेत आधार नाही, आणि शिक्षिका म्हणून मला ते मान्य करावे लागते.

आपल्या लेखकाला शक्य असेल तर त्यांनी फाल्गुन वद्य षष्ठीला एकदा पैठणला जावे. तुकाराम बीजेपासून तिथला रांजण भरायला सुरुवात होते. लोक घागरी आणून ओतत राहतात, आणि रांजण दिवसचे दिवस भरत नाही. मग कधीतरी कोणाच्या तरी घागरीने तो ओसंडतो, आणि श्रीखंड्या येऊन पाणी घालून गेला असे मानून त्या माणसाचा मान करतात. तो शेतकरी असेल, शाळकरी पोरगा असेल, शेजारच्या गल्लीतली बाई असेल. ती घागर कोणाची असणार याविषयी आम्ही मुले बीजेपासूनच पैजा लावायचो, आणि माझी पैज एकदाही लागली नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका